आईची आठी आणि नागपूरचा मे महिना

मे महिन्यात नागपूरला कोणी जातं का? हा प्रश्न मला आमच्या शाळेच्या मुख्य सिस्टरपासून कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारला. उत्तर सोपं होतं. शिक्षकाला लांब सुट्टी मे महिन्यातच मिळते, आणि जिच्याकडे मला जायचं होतं तीही शिक्षिकाच होती. दोघींची सुट्टी आणि नागपूरचा उन्हाळा एकाच वेळी येत असेल तर त्याला आमचा काय इलाज?

ही १९८० च्या आसपासची गोष्ट. आता लिहिते आहे, कारण भाचीने हा ब्लॉग काढून दिला आहे आणि प्रवासाच्या ब्लॉगांवर नागपूरचं नाव मी शोधत असते. जे दिसतं त्याने डोकं तापतं. नागपूर म्हणजे वाघ बघायला जाताना सामान ठेवायची जागा. नागपूर म्हणजे संत्री. बस. अहो, शहर आहे ते! तिथे माणसं राहतात. त्यांतल्या दोघींनी माझ्यासाठी जे केलं, ते या वयात तरी नीट लिहून ठेवावं म्हणून हा खटाटोप.

आधी जाण्याचं कारण सांगते. मी पुण्यात एका कॉन्व्हेंट शाळेत चित्रकला शिकवत असे. शिकले त्याच शाळेत, त्यामुळे टापटीप अंगात भिनलेली आणि जीभ मात्र सिस्टरांच्या हाती लागली नाही. एका वर्षी मुंबईला एचिंग शिकण्याच्या वर्गाला नाव घातलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: जस्ताच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणाचा पातळ लेप द्यायचा, सुईने त्या लेपात चित्र काढायचं आणि पत्रा ॲसिडमध्ये ठेवायचा. सुईने मेण निघालं असेल तिथेच ॲसिड जस्त खातं. मग त्या खाचांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची, ओला कागद ठेवून रुळांतून दाबून काढायचा. खाच जितकी खोल, तितकी रेघ काळी.

घरी करायचं काम म्हणून मी आईला खिडकीपाशी बसवलं आणि थेट पत्र्यावर तिचं चित्र काढलं. ती कुरकुरत बसली. पुढच्या आठवड्यात वर्गात पत्रा घेऊन गेले, तर गुरुजी म्हणाले, बायकांनी ॲसिडला हात लावायचा नाही, वास सोसत नाही. बायकांचे पत्रे तिथला मदतनीस ॲसिडमध्ये घालत असे. त्याला घरी जायची घाई होती. त्याने माझा पत्रा लवकर काढला. चित्र छापलं तर आई धुक्यामागे बसल्यासारखी फिकट दिसली.

त्याच वर्षी पावसाळ्यात आई गेली. त्या वयातला तिचा एकही फोटो नव्हता. राहिला तो हा पत्रा.

नातेवाईक भेटायला आले आणि त्या फिकट चित्रासमोर उभे राहून म्हणू लागले, "किती शांत! किती सोशिक! देवमाणूस होती." मी ऐकून घेत होते आणि आतून पेटत होते. माझी आई शांत? रेशनच्या दुकानदाराने माप मारलं म्हणून तिने सगळी रांग गोळा करून त्याच्याकडून पुन्हा मोजून घेतलं होतं. तिच्या कपाळावर एक उभी आठी होती. ती आठी पडली की आमच्या आळीत लोक वाट बदलत. मदतनिसाच्या घाईने ती आठीच पुसली गेली होती, आणि आता नातेवाईक तिच्या जागी कुठलीतरी दुसरीच बाई बसवत होते.

मुंबईला पुन्हा विचारलं. पत्रा परत ॲसिडमध्ये घालता येईल का? "घालू नका. बिघडला तर आहे तेही जाईल," असं उत्तर आलं. हे खरंच होतं, म्हणून जास्त चिडले.

मग पुण्यातल्या एका प्रदर्शनात मी नागपूरच्या एका बाईचं छापचित्र पाहिलं. नळावर हंड्यांची रांग. काही बायका काळ्याभोर, काही नुसत्या सावल्या, असून नसल्यासारख्या. खाली नाव होतं इंदू, आणि एका शाळेचं नाव. शाळेच्या पत्त्यावर सगळी हकीकत लिहिली. उत्तराचं पोस्टकार्ड आलं: "मे महिन्यात या. पत्रा आणा. ॲसिड इथे मिळते."

तेव्हा पुण्याहून नागपूरची गाडी दौंड, नगर, मनमाड, भुसावळ अशी फिरत फिरत जायची. अजूनही काही गाड्या त्याच मार्गाने जातात. जाणार असाल तर थंडीत जा, आमच्यासारखा वेडेपणा करू नका. भुसावळला केळी घ्या, ती तरी अजून बिघडलेली नाहीत. मी सेकंड क्लासच्या लाकडी बाकावर, मातीच्या सुरईत पाणी आणि पत्रा दोन टॉवेलांत गुंडाळून मांडीवर. वरच्या फळीवर ठेवला नाही. अकोल्यानंतर खिडकीतून येणारा वारा म्हणजे भट्टीचं दार उघडल्यासारखा. समोरच्या बाईंनी पिशवीतून कांदा काढून माझ्या हातात दिला.

"पदरात ठेवा. लू लागत नाही."

"लागते की नाही कुणास ठाऊक, पण वास तर येतो," मी म्हटलं.

"वास आला तं काय होते? माणूस जित्ता राहते ना," त्या म्हणाल्या. मी कांदा पदरात ठेवला.

नागपूर स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये मी पत्राने खोली सांगून ठेवली होती. सही इंग्रजीत, नावाचं फक्त आद्याक्षर घालून, सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे. लॉजचा मॅनेजर माझ्या मागे बघायला लागला.

"साहेब कुठं आहेत?"

"कुठले साहेब?"

"ज्यांनी पत्र लिहिलं ते."

"मीच लिहिलं."

त्याने रजिस्टर मिटलं. "एकट्या बाईले आम्ही खोली देत नाही. मॅडम, समजून घ्या."

मी समजून घेतलं नाही. काउंटरवर उभं राहून त्याला जे ऐकवायचं ते ऐकवलं, मराठीत आणि नंतर इंग्रजीत. आवारातले हमाल गोळा झाले. खोली काही मिळाली नाही. आज तिथे एकट्या बाईला खोली मिळते, वर इंटरनेटवर तिचे आभारही मानतात. तुमच्या सोयीची बिलं अशी कुणीतरी आधीच चुकती केलेली असतात, एवढं लक्षात ठेवा.

सायकलरिक्षा केली आणि सरळ इंदोरा वस्तीत इंदूच्या घरी गेले. सकाळचे दहा वाजले नव्हते आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. रिक्षावाल्याने डोक्याला ओला गमछा बांधलेला. बसक्या कौलांची घरं, प्रत्येक खिडकीला लोखंडी कूलर टांगलेला, आणि ओल्या वाळ्याचा वास. नागपूरला उन्हाळ्यात पोचलात तर पहिला वास हाच येतो. जगातल्या सगळ्या अत्तरांपेक्षा तो बरा.

दार इंदूच्या आईने उघडलं. गुडघ्याएवढी उंच वाटावी अशी बारीक म्हातारी, हिरवं लुगडं, डोळे मात्र तीक्ष्ण. सगळी गल्ली तिला माय म्हणत असे, मीही तेच म्हणायला लागले. मी लॉजची हकीकत सांगितली.

"खोली नाही देल्ली?" माय म्हणाली. "बरं झालं. कायले पैसे घालवत होती? इंदू, वं इंदू! पुण्याची बाई आली पाय. अन् तापून आली, आधी पन्हं दे."

इंदू बाहेर आली. माझ्याच वयाची, सावळी, हात कोपरापर्यंत काळ्या शाईने माखलेले. नमस्कार करायला हात जोडले आणि दोघीही त्या हातांकडे बघून हसलो. इंदूचे वडील गिरणीत होते, ते वारल्यावर मायलेकी दोघीच घरात. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली शाळेची पुस्तकं, आणि पुस्तकांखाली लोखंडी ट्रंक. रात्री सगळ्या अंगणात झोपत, पण दुपारी पडायला आतली कूलरची खोली पाहुणी म्हणून मला मिळाली. घरात कूलर एकच होता. मी नको नको म्हटलं तर माय म्हणाली, "पाहुण्याले कूलर नाही देल्ला तं नागपूरची अब्रू जाते." हे वाक्य लक्षात ठेवा. सगळी गोष्ट पुढे त्याच्यावरच फिरते.

छपाईचं यंत्र मागच्या पडवीत होतं, आणि ते पाहून मी खो-खो हसले. रसवंतीतला उसाचा चरकच होता तो! महाल भागातली एक रसवंती बंद पडली तेव्हा इंदूने तो उचलला, कळमेश्वरला एका कारखान्यात रूळ गुळगुळीत करून घेतले आणि खाली लोखंडी पाट बसवला. परदेशी यंत्राला जाड लोकरीचं फेल्ट लागतं. इंदूने घोंगडी घातली होती. चाकाला रसवंतीची घुंगरं तशीच. यंत्र फिरलं की छुमछुम आवाज व्हायचा आणि शेजारची पोरं कुंपणावरून ओरडायची, "मावशी, एक गिलास!"

"घुंगरं का नाही काढली?" मी विचारलं.

"मायनं काढू नाही देल्ली. म्हणते, तू काम करून राहिली का झोपून राहिली ते मले चुलीपाशी समजते."

पहिल्या दिवशी इंदूने माझ्या पत्र्याला हात लावला नाही. ट्रंक उघडून तिने मला स्वतःचा पत्रा दाखवला. पुण्यात पाहिलेलं नळावरच्या रांगेचं चित्र. मला वाटलं होतं तसली अनेक चित्रं असतील. पत्रा एकच होता. दर मे महिन्यात ती तोच पत्रा काढायची. त्या वर्षात गल्लीतली एखादी बाई लग्न होऊन गेली असेल किंवा वारली असेल तर तिला पोलादी पात्याने पत्र्यावरून खरवडायची आणि नवी आली असेल तिला तिथेच कोरायची. मग पत्रा पुन्हा ॲसिडमध्ये. दरवर्षी एकच छाप काढायचा, दुसरा नाही. तिने ते सगळे छाप ओळीने चटईवर मांडले. पहिल्यात रांग नीटनेटकी. पुढे पुढे खरवडलेल्या बायकांच्या सावल्या साचत गेलेल्या, आणि त्या सावल्यांमधून नव्या बायका पाणी भरत होत्या.

"पुरती का नाही पुसत?" मी विचारलं. माझ्या टापटिपीला ते खटकत होतं.

"पुसली जातच नाही," इंदू म्हणाली. "जस्त एकदा खाल्लं गेलं की गेलं. कितीही खरवडा, थोडी राहतेच. सुरुवातीले मले बी राग यायचा. मग म्हटलं, राहून राहिली तं राहू द्या. तिचा नंबर होता ना रांगेत."

आभाळ मात्र तिने सुईने काढलंच नव्हतं. कूलरमधून उपटलेला वाळा मऊ मेणावर दाबून त्याचा ठसा घेतला होता. नागपूरच्या दुपारचं ते खरखरीत, जळकं आभाळ मी नंतर कुठल्याही मोठ्या चित्रकाराच्या चित्रात पाहिलं नाही. तिला आमच्या मुंबईच्या गुरुजींसारखी शंभर सारखे छाप काढायची हौस नव्हती. पत्रा म्हणजे जपून ठेवायची वस्तू, हेच तिला मान्य नव्हतं.

"पत्रा वाचवत बसलं तं चित्र मरते, माधवीबाई," ती म्हणाली. "पण एक सांगतो. पुढे जायच्या आधी, जे आहे त्याचा एक छाप काढून घ्यायचा. हातात ठेवायचा. मग भ्यायचं काम नाही."

मी भीतच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, आम्ही माझ्या पत्र्याचा एक चांगला छाप काढला. फिकट आई पुन्हा एकदा धुक्यातून बाहेर बघू लागली. छापात सगळं उलटं येतं, त्यामुळे तिची चमकी उजव्या नाकपुडीवर. माय जवळ येऊन बघून गेली. "देवीवानी दिसते," एवढंच म्हणाली. तिचा हेतू चांगला होता, पण तेच शब्द! मी तिथल्या तिथे ठरवलं. "इंदूताई, घाला ॲसिडमध्ये."

"मी नाही घालणार. तुम्ही घालायचं."

ॲसिड आणायला आम्ही इतवारीत सोनारांच्या गल्लीत गेलो. सोनं तपासायला लागतं म्हणून ते तिथल्या दुकानांत मिळायचं. आता परवाना लागतो आणि लागायलाच हवा. तेव्हा इंदू दुकानदाराच्या ओळखीची होती.

"घ्या, आल्या तेजाबवाल्या मॅडम," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "ह्या कोण? ह्यांले कायले पाहिजे तेजाब? सासूले पाजतात का?"

"सासू नाही मला," मी म्हटलं. "पाजायला तुम्ही रिकामे आहात का?"

तो असा हसला की गल्ल्यावरची घंटी पडली. इंदूने बाटली पिशवीत कोथिंबिरीशेजारी उभी ठेवली आणि आम्ही सायकलरिक्षात बसलो. वाटेत महालात एका खाणावळीत दोघींत मिळून थोडासा वडाभात चाखला. भरडलेल्या डाळींचे खरपूस वडे भातावर कुसकरायचे आणि वरून हिंगाची तेलाची फोडणी घ्यायची. नागपूरला गेलात तर सावजी रश्श्याने जीभ भाजून घेण्याआधी हा खा. आणि मे महिन्यात संत्री मागू नका. मी मागितली. फळवाल्याने माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की अजून आठवतं. "बाई, आंबे घ्या गुमान," तो म्हणाला.

घरी येऊन इंदूने चामड्याच्या गोळ्याने मेण हलक्या हाताने पत्र्यावर टिपलं, असं की वरचा सपाट भाग झाकला जावा आणि जुन्या रेघा उघड्या राहाव्यात. हात जरा जड पडला असता तर रेघाच बुजल्या असत्या. मी श्वास घेत नव्हते. मग भरपूर पाण्यात थोडं ॲसिड घातलं. उन्हाळ्यात ॲसिड पिसाळतं, मेण वितळतं, म्हणून ते अगदी सौम्य ठेवायचं आणि पत्र्याला सबंध दुपार हळूहळू खाऊ द्यायचं. ट्रे कुठे ठेवायचा? घरात गार जागा एकच. कूलरची खोली. खिडकीपाशी पाटावर ट्रे ठेवला, आणि माझ्या हातांनी आईला त्या पाण्यात सोडलं. तो वास मला सोसला. गुरुजींना कळवावंसं वाटलं.

"आता जेवून घ्या," इंदू म्हणाली. "मी बर्फ घेऊन येतो, ट्रेखाली ठेवायले. एवढ्या तापात कूलरचा बी भरवसा नाही." ती सायकल काढून बर्फाच्या वखारीकडे गेली.

माय मला पाटोडीचा रस्सा वाढत होती. झोप अनावर होत होती, कारण अंगणात बाजेवर रात्र काढायची मला सवय नव्हती. मायच्या ते लक्षात आलं. पाहुणीने आता पडायला हवं, आणि पाहुणी पडणार कूलरच्या खोलीत. पण तिथे तर ॲसिडचा ट्रे! पाहुण्याच्या उशाशी तेजाबाचा वास? मायला ते पटेना. तिने वर्षानुवर्षं लेकीचे ट्रे सांभाळले होते. एक थेंब न सांडता तिने तो उचलला आणि मागच्या पडवीत, मोकळ्या हवेला, यंत्राशेजारी नेऊन ठेवला. मी हात धुवून आले तेव्हा खोली रिकामी, कूलर सुरू, चादर झटकलेली. जाण्याआधी इंदूनेच ट्रे हलवला असेल असं मला वाटलं आणि मी पडले.

पडवीवर टिनाचं छप्पर होतं. आणि दुपारचं ऊन त्या वेळी नेमकं तिथे येतं.

मला जाग आली ती सायकल आपटल्याच्या आवाजाने.

"माय! हे इथं कोणं आणलं?"

मी धावले. ट्रेमधलं पाणी उकळी फुटल्यासारखं बुडबुडत होतं, वर पिवळसर धूर. इंदूने बर्फाचं पोतं टाकलं, काठीने पत्रा उचलून पाण्याच्या टाक्यात बुडवला. मेण जागोजागी उकलून सुटलं होतं. पुसल्यावर पत्रा पाहिला. चेहऱ्याच्या रेघा दरीसारख्या खोल गेल्या होत्या. सपाट भागावर, जिथे ॲसिड जायलाच नको होतं, तिथे देवीचे वण पडावेत तसे खड्डेच खड्डे. पत्र्याकडे बघून काही कळेना. आई गेल्याचं कळलं होतं तेव्हा मी रडले नव्हते. आता पडवीत खालीच बसले.

माय दारात उभी होती. "माह्या हातानं झालं वं," ती म्हणाली. "पाहुणीले वास नको लागायले म्हणून... उन्हाचं ध्यानातच नाही राहिलं."

माझी जीभ कशी आहे ते वर सांगितलंच आहे. शब्द तयार होते. पण ही बाई स्वतःच्या घरात रोजच्या दुपारी उकाड्यात बसत होती आणि तिने आपला एकुलता एक कूलर मला दिला होता. लॉजच्या मॅनेजरला दिलेलं भाषण तेवढंच पुरे.

इंदूने काही समजूत घातली नाही. तिने पत्रा उजेडात तिरका धरला, बोटाने चाचपला आणि म्हणाली, "माधवी, उठ. शाई लाव." तेव्हापासून ती मला एकेरी हाक मारू लागली.

"काय राहिलंय त्यात?"

"छापल्याशिवाय मले बी नाही कळत. तुले काहून कळून राहिलं?"

शाई लावली. त्या दऱ्यांत किती शाई मावली म्हणून सांगू! जाळीदार विणीच्या कापडाने पुसली, मग तळहाताने. मी खड्ड्यांतली शाई घासून काढू लागले तशी इंदूने हात धरला. "ते खड्डे तुह्या मायचे नाहीत, मान्य. पण आता तिच्या घरात राहून राहिले. राहू दे." कागद कूलरच्या वाळ्यामागे ओला करून ठेवला होता. तो पत्र्यावर पसरला, वर घोंगडी. चाक मी फिरवलं. घुंगरं वाजली. कुंपणापलीकडून कुणीतरी रस मागितला.

कागद उचलला.

धुकं नव्हतं. खड्ड्यांनी सगळी मागची भिंत राखाडी, धगधगती करून टाकली होती, जळत्या दुपारच्या हवेसारखी. आणि तिच्यापुढे आई. काळीभोर. डोळ्यांखालच्या सुरकुत्या, मिटलेले ओठ, आणि दोन भुवयांच्या मधोमध ती उभी आठी. गालावर एक वण पडला होता, जो तिला कधीच नव्हता. पण नजर तिचीच.

माय भीत भीत पुढे आली. तिने बराच वेळ पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कोणाशी भांडून राहिली वं हे?"

मला आधी हसू आलं आणि मग जे पावसाळ्यात आलं नव्हतं ते आलं. "रेशनवाल्याशी, माय," मी म्हटलं. "माप मारलं त्याने."

"मंग बरोबर हाय," माय म्हणाली. "सोडू नको म्हणा त्याले." आणि चहा ठेवायला आत गेली. बर्फ अर्धा वितळला होता. उरलेल्याचा आम्ही पन्ह्यात भुगा केला आणि पडवीतच प्यायलो.

पुढचे दिवस मी इंदूकडून काय काय शिकले ते सांगत बसत नाही. चित्रकारांना ते कळेल आणि बाकीच्यांना कंटाळा येईल. एवढंच, की मी आणखी छाप काढायचा नाही असं स्वतःहून ठरवलं. एक फिकट, एक काळा. पत्रा मी इंदूच्या ट्रंकेत, नळावरच्या बायकांशेजारी ठेवून आले. निघताना मायने डब्यात भाकरी-ठेचा आणि पदराला बांधायला कांदा दिला. "सांभाळून जाजो," म्हणाली, "अन् पुन्हा आली तं मे महिन्यातच येजो. थंडीत कूलर लागत नाही, मंग तुले देऊ काय?"

मी पुष्कळ वेळा गेले, आणि बहुतेक वेळा मे महिन्यातच. आता माय नाही. इंदूही गेली. ते यंत्र तिच्या एका विद्यार्थिनीकडे कळमेश्वरला आहे, घुंगरांसकट, आणि चालू आहे. तिकडे जाऊन यंत्र पाहायचं असेल तर आधी विचारा आणि जाताना हात मळायची तयारी ठेवा.

पुण्याला परत आल्यावर मी भिंतीवरचं मुंबईचं फिकट चित्र उतरवलं आणि काळं लावलं. पहिली आली ती आईची धाकटी बहीण. चपला काढता काढता तिची नजर वर गेली आणि ती दारातच थबकली.

"अगं बाई!" ती म्हणाली. "ही आता म्हणेल, चपला बाहेर काढ."

तिने चपला उचलून बाहेर ठेवल्या. त्या दिवसानंतर माझ्या घरात कुणी आईला सोशिक म्हटलेलं नाही.

खोल खाचेतली शाई कागदावर उठून येते, सुकल्यावरही हाताला लागते. चाळीसहून जास्त वर्षं झाली, कागद पिवळा पडला. काच लावली नाही. डोळे आता अधू झालेत, सकाळी उजेड कमी असला की चेहरा नीट दिसत नाही. मग मी बोट पुढे करते. दोन भुवयांच्या मधोमध ती बरोबर सापडते.